दोष रक्ताचा की भांड्याचा?



मी डॉक्टर नाही. माझी सारी हयात कामगार संघटनेत गेली आणि शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले. तरीही लहान मुलांच्या यकृताच्या रोगावर बोलायला उभा आहे, कारण हा रोग आमच्या घरी येऊन गेला असावा.

1977 साली माझा धाकटा भाऊ दीड वर्षाचा होता. त्याचे पोट नगाऱ्यासारखे फुगले, हातपाय काड्यांसारखे झाले. अंगात कणकण, रात्रंदिवस किरकिर. शेवटी डोळे पिवळे झाले आणि तो गेला. त्याच्याआधी एक बहीण अशीच गेली होती. वडीलधाऱ्यांनी निकाल दिला, “हिच्या माहेरचे रक्तच वाईट!” आईने तो निकाल मरेपर्यंत मान खाली घालून सोसला.

वैद्यकात ‘इंडियन चाइल्डहुड सिरोसिस’ नावाचा रोग आहे. त्यात तान्ह्या मुलांचे यकृत वाढून कठीण होते. एकाच घरातली भावंडे दगावत, म्हणून तो आनुवंशिक असावा अशी शंका येणे साहजिक होते.

आम्हां कामगारांना एक अनुभव आहे. कुणाचे बोट तुटले की मालक म्हणतो, माणूसच निष्काळजी. आम्ही म्हणतो, आधी यंत्र दाखवा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी तेच केले. आजारी मुलांच्या यकृतात तांबे बेसुमार साठलेले होते. मग चौकशी झाली ती दुधाच्या भांड्याची. भांडे पितळेचे! 1983 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कल्हई नसली की तांबे दुधात उतरते. वरचे दूध लवकर सुरू झालेल्या तान्ह्याच्या यकृताला ते झेपत नाही. कावीळ उमटण्याआधी पेनिसिलामाइन हे तांबे काढणारे औषध दिले, तेव्हा कित्येक मुले वाचली. पुढे घरोघर स्टीलची पातेली आली आणि रोग दिसेनासा झाला.

ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातही 1900 ते 1974 या काळात अशीच 138 मुले गेली. तिथे दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात शिजवीत. रोगाचे बीज काही घराण्यांत असावे, असे 1996 साली तिथल्या संशोधकांनी मांडले. पण घराणी तीच राहिली, भांडी बदलली आणि रोग गेला!

खरोखर आनुवंशिक असे यकृताचे रोगही आहेत. विल्सनच्या रोगात शरीराला जन्मतःच तांबे नीट बाहेर टाकता येत नाही. तिथे भावंडांचीही तपासणी करावी लागते. म्हणून मातांनो, नवजात मुलाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली, शी पांढुरकी झाली, किंवा पोट फुगू लागले, तर गंडेदोरे न करता मुलांच्या डॉक्टरांकडे जा. आज पितळी भांडी पुन्हा हौसेने येत आहेत आणि कल्हईवाला मात्र दारावर येत नाही. बिनकल्हईच्या भांड्यात बाळाचे दूध तापवू नका, ठेवूही नका.

माझ्या भावाला तोच रोग होता, हे आज सिद्ध करता येणार नाही. पण माझ्या आईला चौकशीविना दोषी ठरवले, हे सिद्ध आहे. दुसऱ्या कुठल्या आईवर तशी पाळी येऊ नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.