बेणारेबाईंची जबानी



आज स्मरण करूया लीला बेणारे या शिक्षिकेचे.

विजय तेंडुलकरांच्या, १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाची ही नायिका.

आरंभीच दाराच्या कडीत तिचे बोट चेमटते. ती ते चोखते, हसते.

पुढे, करमणूक म्हणून मांडलेल्या लुटुपुटीच्या खटल्यात, तिचेच सोबती एकामागून एक साक्षीदार होऊन तिच्या खाजगी आयुष्याची जाहीर झडती घेऊ लागतात, तेव्हा ते हसू मावळते.

ती निघू पाहते. पण दाराला बाहेरून कडी.

आरोप भ्रूणहत्येचा.

ज्यांच्यापासून दिवस गेले, ते प्राध्यापक दामले मात्र गैरहजर.

त्यांच्यावर फिर्यादच नाही.

श्रोतेहो, माझ्या मते नाटकाचे मर्म इथेच आहे : पुरुष गैरहजर, आणि आरोपी एकटी स्त्री.

बचावासाठी तिला मिळतात दहा सेकंद.

त्या अवधीत, वर्षानुवर्षे अंतःकरणात कोंडलेली वेदना तिच्या दीर्घ स्वगतातून प्रेक्षकांपुढे उघडी होते. कोर्टाला मात्र त्यातले अक्षरही ऐकू जात नाही.

अखेरीस, निपचित पडलेल्या तिच्यापाशी खटल्यातला एक साक्षीदार, सामंत, एक हिरवा कापडी पोपट ठेवतो.

श्रोतेहो, ही जबानी ग्रंथालयातून आणून एकदा संपूर्ण वाचा.