जुनी मोटार अडते कोठे?

मुंबईतील काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून दिसेनाशी झाली. तिच्या जातीतील शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत भरताच तिला निवृत्त व्हावे लागले. तथापि टॅक्सीचा अड्डा सुटला म्हणजे मोटार संपली असे नव्हे. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट ११०० आणि तिचीच पुढची पिढी असलेली पद्मिनी आजही बडोदे, इंदूर, बेळगाव अशा गावांतील जुन्या घरांच्या आवारात ताडपत्रीखाली उभी असलेली आढळते. वडिलांनी हौसेने घेतलेली गाडी मुलाला विकवत नाही आणि वापरताही येत नाही. मग एके दिवशी ताडपत्री उतरते. पत्र्याचे काम होते, रंग लागतो, बैठकींना नवे कापड चढते. एवढा सगळा पैसा खर्च झाल्यावर मोटार मोठ्या दिमाखाने फाटकाबाहेर पडते आणि दोन किलोमीटरांवर जाऊन थांबते.

दहा मिनिटे धीर धरला, की तीच मोटार पुन्हा निमूटपणे सुरू होते. पुन्हा दोन किलोमीटर, पुन्हा थांबणे. येथून पुढे बहुतेक ठिकाणी एकच नाटक घडते. कार्ब्युरेटर हा जुन्या मोटारीतील सर्वांत गूढ भाग मानला गेल्यामुळे पहिला आळ त्याच्यावर येतो. तो उघडला जातो, धुतला जातो, जेट साफ होतात आणि गाडी चार दिवस बरी चालते. पाचव्या दिवशी पहिलेच दुखणे. मग नवा कार्ब्युरेटर येतो. त्यातही आठवड्याभरात तीच तांबूस भुकटी सापडते. कार्ब्युरेटर बिचारा दुखण्याचे शेवटचे टोक असतो. दुखणे सुरू झालेले असते मागे, डिकीकडच्या टाकीत.

पेट्रोलची वाट तशी सरळ आहे. मागच्या टाकीतून एक नळी गाडीच्या पोटाखालून पुढे येते. इंजिनाच्या अंगाला लावलेला पंप ते पेट्रोल ओढतो. या पंपाला वीज लागत नाही. कॅमशाफ्टवरील उंचवटा एक दांडी हलवितो, दांडी पडदा खाली ओढते, स्प्रिंग तो वर ढकलते. इंजिनाचे दोन फेरे झाले की पंपाचा एक झटका बसतो. पुढे कार्ब्युरेटरच्या वाटीत पोकळ फ्लोट तरंगतो आणि वाटी भरली की सुईची झडप बंद करतो. दोष शोधावयाचा तर याच वाटेने, टाकीपासून पुढे, चालत आले पाहिजे.

पंधरा वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत काय होते? पेट्रोलमधील हलके अंश उडून जातात आणि मागे उरतो तो चिकट, व्हार्निशसारखा वास येणारा राळेसारखा थर. टाकी अर्धी रिकामी असेल तर दिवसाच्या उन्हात आणि रात्रीच्या गारव्यात तिच्यात दमट हवेची ये-जा चालू राहते. दवाचे पाणी पत्र्यावर जमते, पेट्रोलहून जड असल्याने तळाशी बसते आणि तेथे निवांतपणे गंज चढवीत राहते. गाडी धावू लागली, की हा गंज हेलकाव्याने उठतो, पेट्रोलच्या ओढीबरोबर नळीच्या तोंडावरील जाळीला जाऊन चिकटतो आणि वाट बुजते. इंजिन बंद पडले की ओढ थांबते, कचरा सुटून खाली बसतो आणि मोटार पुन्हा सुरू होते. दहा मिनिटांच्या विश्रांतीचे रहस्य अनेकदा एवढेच असते.

अनेकदा, परंतु नेहमी नव्हे. हुबेहूब असेच लक्षण दाखविणारे आणखी तीन दोष आहेत आणि खरी परीक्षा त्यांना वेगळे काढण्यातच आहे.

पहिला टाकीच्या झाकणाचा. पेट्रोल जसे कमी होते तशी बाहेरची हवा आत यावी म्हणून त्यात बारीक भोक असते. रंगकाम करताना ते बुजले, किंवा भोक नसलेले दुसऱ्याच गाडीचे झाकण बसविले गेले, तर टाकीत निर्वात होत जातो आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. गाडी थांबताच मागे जाऊन झाकण सैल करावे. सूं करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर चोर सापडला. या तपासाला पैसाही लागत नाही, तरी तो सर्वांत शेवटी केला जातो.

दुसरा दोष उन्हाचा. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत पेट्रोल ओढले जात असते, म्हणजे तेथे दाब कमी असतो. आणि दाब कमी झाला की पेट्रोल कमी उष्णतेतही उकळते. तापलेल्या इंजिनाशेजारच्या पंपात त्याची वाफ होते, आणि पंप वाफ ओढू शकत नाही. घाट चढताना पंपावर ओला फडका टाकून वाट पाहणारे जुने चालक काही जादूटोणा करीत नव्हते. फडका टाकल्यावर गाडी पटकन ताळ्यावर आली तर दोष वाफेचा समजावा. नळी एग्झॉस्टच्या फार जवळून गेली असेल तर ती दूर घ्यावी.

तिसरा दोष पेट्रोलचा नाहीच. ठिणगी देणारी कॉइल तापली की मान टाकते आणि गार झाली की पुन्हा काम करू लागते. म्हणून गाडी बंद पडल्या क्षणीच, ती गार होऊ देण्यापूर्वी, प्लगला ठिणगी येते की नाही हे पाहिले पाहिजे. घरी येऊन, चहा घेऊन, सावकाश केलेल्या तपासणीत हा दोष सापडणे शक्यच नाही. या एका चुकीपायी किती निरोगी कार्ब्युरेटर मोडीत गेले असतील कोण जाणे.

पंपाची परीक्षा सोपी आहे. कार्ब्युरेटरला जाणारी नळी सोडवून तिचे टोक डब्यात धरावे, कॉइलची तार काढून ठेवावी आणि स्टार्टर फिरवावा. ठसठशीत पिचकाऱ्या आल्या तर पंप ठीक. बुडबुडे मिसळलेली मरतुकडी धार आली तर मिस्त्रीलोकांच्या भाषेत गाडी कोठेतरी हवा घेते आहे. येथे एक फसवणूक आहे. ओढीच्या बाजूची रबरी नळी चिरली असेल तर तेथून पेट्रोल गळेलच असे नाही. ती केवळ हवा आत घेते. नळी कोरडी दिसते म्हणून ती निर्दोष ठरत नाही. पंपाचा पडदा फाटलेला असेल तर मामला अधिक गंभीर. काही पंपांत पेट्रोल अशा वेळी खाली इंजिनाच्या तेलात उतरते. तेल पातळ होते, बेअरिंगांचे वंगण जाते आणि शंभर-दोनशे रुपयांच्या पडद्यापायी सारे इंजिन उघडण्याची पाळी येते. तेलाची पट्टी काढून हुंगण्याची सवय म्हणूनच चांगली. तेलाला पेट्रोलचा वास आला, की गाडी जागची हलवू नये.

कार्ब्युरेटरपाशी आल्यावर प्रथम फ्लोट पाहावा. तो कानाशी धरून हलविला आणि आत पेट्रोल खुळखुळले, तर त्याला भोक पडले आहे. असा जड झालेला फ्लोट झडप बंद करू शकत नाही आणि पेट्रोल ओसंडते. जेटमध्ये मात्र टाचणी किंवा तार कधीही घालू नये. ते भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजलेले असते. हवेच्या झोताने जे निघत नाही ते द्रावणात भिजवून काढावे.

आजच्या जीर्णोद्धारकाला एक अडचण अशी आहे, जी या गाड्या बनविणाऱ्यांपुढे नव्हती. भारतात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. इथेनॉल जुन्या रबराला फुगविते किंवा ठिसूळ करते, नळ्यांत साचलेला जुना थर सोडविते आणि पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण फार झाले, की पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी, नेमके नळीच्या तोंडापाशी, थर करून बसतात. शिवाय पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे पावणेपंधरा पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे नऊ पट. साहजिकच जुन्या मापाच्या जेटमधून येणारे मिश्रण आता पातळ पडते. गाडी चढावर अडखळते, चोक थोडा ओढला की सुधारते. अशा वेळी जेट एक माप मोठा करणे योग्य, परंतु बाकी सारी वाट स्वच्छ झाल्यावरच. नळ्या, पंपाचा पडदा आणि वॉशर इथेनॉलला टिकणारे घेण्यात काटकसर करणे म्हणजे तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकू देणे होय.

आगीचा विषय निघाला म्हणून टाकीविषयी सांगितले पाहिजे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते, कारण पेटते ती वाफ. गळकी टाकी काढून, दोनदा पाण्याने विसळून, तशीच वेल्डिंगला नेणारे लोक भेटतात. पेट्रोलचा थर पत्र्याच्या सांध्यांत महिनोन्‌महिने राहतो आणि ज्योत लागताच टाकी बाँबसारखी फुटते. हे काम ज्याचा नित्याचा धंदा आहे त्याच्याकडेच द्यावे. गंज काढण्यासाठी साखळीचा तुकडा व पाणी टाकीत घालून ती हलविण्याची जुनी रीत अजूनही उत्तम. नंतर मात्र टाकी उन्हात पूर्ण सुकली पाहिजे.

टाकी परत बसल्यावर पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर घालतात. पहिल्या आठवड्यात तो तांबडा होतो. तो बदलला, की दुसरा पिवळसर होतो. कोठल्याही कारागिराने केलेली टाकी पहिल्याच धुण्यात निर्मळ होत नाही, म्हणून मालकाने तेव्हा घाबरून पुन्हा कार्ब्युरेटर उघडावयास लावू नये. तिसरा फिल्टर महिनाभर स्वच्छ राहिला, तर गाडी गावाबाहेर न्यावयास हरकत नाही.