आधी ऐकायचं, मग नंबर लावायचा

मसोलीवरून बोलतोय. मागे गाडीचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आज मनाच्या दुखण्याबद्दल, आणि त्यात आपण पोरंपोरी काय करू शकतो त्याबद्दल. आमच्या डहाणू-तळासरीचे कितीतरी खलाशी पावसाळा सरला की गुजरातला जातात, ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर. त्यातले काही हद्द ओलांडली म्हणून पकडले जातात आणि कराचीच्या तुरुंगात वर्षं काढतात. इकडे घरच्या बाईला झोप नाही. आता तिच्यापुढे मोबाईलवरची ती नऊ प्रश्नांची डिप्रेशनची चाचणी धरा. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं? अरे, तिचा हिशोब दोन आठवड्यांचा आहे का? ती एवढंच म्हणेल, "जीव लागत नाय." शेजारी म्हणतील, बाहेरचं आहे, भगताकडे न्या.

मी सॉफ्टवेअरवाला, तरी सांगतो, इंग्रजी ॲपचं नुसतं भाषांतर करून हे सुटत नाही.

नाशिकच्या पेठ तालुक्यात, तोही आदिवासी भागच, २०१३ ते २०१५ मध्ये ४१ गावांत 'आत्मीयता' नावाचं काम झालं. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राचं. त्यांनी गावातलीच माणसं तयार केली, डॉक्टर नव्हे. हातात स्मार्टफोन, त्यात छोट्या फिल्म: दारू, घरातली भांडणं, बेकारी. फिल्म दाखवायची, मग ऐकायचं, परत परत भेटायचं. त्रास जास्त असेल तर दवाखान्यात पोचवायचं. सरकारी योजना मिळवायलाही मदत करायची. मला हे शेवटचं फार पटलं. खलाशाच्या घरी अर्धी झोप पैशाच्या काळजीनेच उडते.

आणि भगत? त्याची टिंगल केलीत तर ते घर तुमच्याशी बोलणंच बंद करेल. धूप-अंगारा चालू दे. पण मारहाण, चटके दिसले तर गप्प बसायचं नाही, २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. डॉक्टरच्या गोळ्याही बंद होऊ द्यायच्या नाहीत.

कोणी "मला जगायचं नाय" म्हणालं, तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ लावा. टेलिमानस, फुकट, चोवीस तास, मराठीत. मावशीला वारलीतच मोकळं होता येत असेल तर तिला विचारून फोन स्पीकरवर टाका, शेजारी बसा, तिचं म्हणणं तुम्ही मराठीत सांगा. आणि त्यातलं एक अक्षर नाक्यावर जाता कामा नये.