यंत्राची बुद्धी आणि रोग्याचे हित



मानवी शरीराचे बहुतेक कार्य प्रथिनांच्या आधारे चालते. अन्नाचे पचन, प्राणवायूचे वहन, रोगजंतूंचा प्रतिकार ही सारी कामे प्रथिनेच करतात. २० प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ ओवली जाते, ती विशिष्ट रीतीने दुमडते आणि त्या घडीतूनच प्रथिनाला त्याचे कार्य प्राप्त होते. कुलपाची रचना कळली की किल्ली घडविणे सोपे जाते. तद्वतच प्रथिनाचा आकार ठाऊक झाला की औषधाच्या शोधाची वाट सुकर होते.

या विद्येत भारताचा वाटा मूलभूत आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५०च्या दशकात कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना मांडली. पुढे १९६३ साली रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत वळू शकत नाही, याचा आलेख प्रसिद्ध केला. जगभरच्या प्रयोगशाळांत नवी रचना तपासताना आजही हाच ‘रामचंद्रन आलेख’ प्रमाण मानला जातो. साधने तुटपुंजी असतानाही विचार स्वतंत्र असू शकतो, याचे हे उदाहरण होय.

तथापि, एकेका प्रथिनाची रचना प्रयोगाने उलगडण्यास अनेकदा वर्षे लागत. २०२० साली गूगल समूहातील डीपमाइंड संस्थेच्या ‘अल्फाफोल्ड’ या प्रणालीने अमिनो आम्लांच्या क्रमावरून आकाराचे अनुमान इतके अचूक केले की शास्त्रज्ञ चकित झाले. २०२२ पर्यंत २० कोटींहून अधिक प्रथिनांचे अनुमानित आकार सर्वांना विनामूल्य उपलब्ध झाले. २०२४चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेमिस हसाबिस, जॉन जंपर आणि नव्या प्रथिनांची रचना करणारे डेव्हिड बेकर यांना मिळाले.

हा चमत्कार मात्र आकाशातून पडलेला नाही. १९७१ पासून जगातील संशोधकांनी श्रमपूर्वक शोधलेल्या रचना एका खुल्या भांडारात जमा केल्या. त्यांवरच हे यंत्र शिकले. यंत्राला दिले तेवढेच ते जाणते, आणि जे दिले नाही त्याविषयीही ते आत्मविश्वासाने उत्तर देते. भारतासाठी खरा प्रश्न येथे आहे.

एक उदाहरण पाहू. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी सक्सिनिलकोलीन हे औषध देतात. त्याचा प्रभाव सहसा काही मिनिटांत ओसरतो. परंतु दक्षिण भारतातील एका समुदायात विशिष्ट जनुकीय बदलामुळे काहींच्या शरीरात हा प्रभाव तासन्‌तास टिकतो आणि श्वासोच्छ्वास कृत्रिमरीत्या चालू ठेवावा लागतो. जगातील जनुकीय माहितीचा फार मोठा भाग युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. केवळ त्या माहितीवर शिकलेल्या यंत्राला हा धोका कसा दिसावा?

ही उणीव भरून काढण्यासाठी जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० साली ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प हाती घेतला. देशातील विविध समुदायांतील सुमारे १० हजार व्यक्तींचे जनुकीय आराखडे वाचले गेले. जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती संशोधकांसाठी खुली झाली आणि ती फरिदाबाद येथील भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवण्यात आली. एकेका व्यक्तीच्या आराखड्यात ३ अब्जांहून अधिक अक्षरे असतात. असे हजारो आराखडे ताडून पाहणे हे महासंगणकाचेच काम.

महासंगणकाची कथाही बोलकी आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेने अधिक शक्तिशाली क्रे संगणक नाकारला. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. पुण्याच्याच ‘परम सिद्धी’ने २०२० साली जगातील पहिल्या ५०० महासंगणकांत ६३ वे स्थान मिळविले. मात्र त्याच्या अंतरंगातील गणन-चिप अमेरिकी कंपनीच्या आहेत, हेही विसरता येत नाही. स्वावलंबनाचा प्रवास अर्ध्यावर आहे, आणि तो घोषणांनी पुरा होणार नाही.

या यंत्रांचा कस शेवटी सामान्य रोग्यापाशी लागतो. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. छातीच्या क्ष-किरण चित्रावरून क्षयाचा संशय संगणकाने नोंदवावा, या पद्धतीस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींसाठी मान्यता दिली. जेथे तज्ज्ञ पोहोचत नाही, तेथे हे वरदानच होय. पण यंत्र केवळ संशय दर्शविते. थुंकीची तपासणी, औषध आणि रोग्याला सहा-सहा महिने उपचारांत टिकवून ठेवणे ही माणसांचीच कामे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांतही मानवी देखरेख आणि रुग्णाची संमती यांवर भर आहे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे आणि कुटुंबांपुढे तीन कामे आहेत. जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी गणित सोडू नये. रक्ताचा नमुना वा वैद्यकीय अहवाल कोणी मागितला, तर तो कशासाठी आणि कोठे जाणार हे विचारूनच संमती द्यावी. आणि वस्तीत खोकणारा शेजारी दिसला, तर त्याला तपासणीस घेऊन जावे. जगातील सर्वांत वेगवान महासंगणकही हे तिसरे काम करू शकत नाही.