विसरलेल्या माणसाशी बोलावे कसे?

(अक्कलकोट रोड एमआयडीसी परिसरातील रविवारच्या सभेत दिलेले भाषण)



आज ज्या आजाराविषयी बोलण्यास आम्हांस सांगितले आहे, तो आपल्या वस्तीत घरोघरी दिसतो. पण त्याचे नाव कोणी घेत नाही. "म्हातारा हट्टी झालाय" किंवा सरळ "साठी बुद्धी नाठी" असे म्हणून आपण मोकळे होतो. या म्हणीने आपल्या वडीलधाऱ्यांचे फार नुकसान केले आहे. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे, वयाचा गुण नव्हे. जर्मनीत १९०६ साली डॉ. आलोइस अल्झायमर यांनी ज्या रुग्णाची पहिली नोंद मांडली ती बाई पन्नाशीतली होती. भारतातील देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार साठीपुढील शंभरांत सुमारे सात जणांना हा आजार आहे. म्हणजे उरलेल्या त्र्याण्णवांना तो नाही, हेही ध्यानात घ्यावे.

आता आपल्या भागापुरते बोलू. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना चादरीचे आणि टॉवेलचे कारखाने आहेत. आपल्यातील कितीतरी जणांचे वडील, चुलते येथे मागावर उभे राहून म्हातारे झाले. धोट्याच्या मागांची शेड चालू असली की आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. अशा आवाजात तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाचे कान हळूहळू जातात, आणि तेही विचित्र रीतीने. त्याला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. स, श, ट, फ यांसारखी बारीक अक्षरे आधी हरवतात. 'साठ' म्हटले की 'आठ' ऐकू येते. उत्तर चुकते, घरचे हसतात, आणि माणूस बोलणेच सोडून देतो.

आमच्याच हातून झालेली एक चूक येथे सांगणे भाग आहे. मागावर आयुष्य गेलेल्या एका काकांकडे आम्ही तिघे-चौघे गेलो होतो. त्यांना विसर पडू लागला होता. आम्ही दारातूनच मोठ्याने विचारले, "काका, ओळखलंत का? सांगा बरं मी कोण?" ते गप्प. दुसऱ्याने आणखी ओरडून विचारले. काका चिडले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. आमच्या एका जुन्या सभासदाने मात्र, जे स्वतः मागावर होते, समोर बसून काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बोटे ओठांशी नेऊन चहा पिण्याची खूण केली. काकांनी मान हलवली. मग दोन बोटे दाखवली. दोन कप!

शेडमध्ये कामगार असेच बोलतात. कांडी संपली, जॉबरला बोलाव, चहा आला, सगळे डोळ्यांनी, ओठांनी, हातांनी. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांतील बायकांनीही ओठांच्या ठळक हालचालींची अशीच बोली घडवली होती. विस्मरण झालेल्या माणसाशी बोलण्याची रीत डॉक्टर सांगतात ती याहून फार वेगळी नाही. समोर यावे, डोळ्यांच्या पातळीवर बसावे, दूरदर्शन संच बंद करावा, तोंडावर उजेड असावा. ओरडू नये, कारण ओरडताना आवाज चिरका होतो आणि चेहरा रागीट दिसतो. सावकाश, जरा खालच्या पट्टीत एकच वाक्य बोलावे आणि थांबावे. मनात दहापर्यंत मोजावे. हे थांबणेच आपल्याला जमत नाही.

"मी कोण?" ही तोंडी परीक्षा तर बंदच करावी. "आजोबा, मी तुमचा नातू, शाळेतून आलो," असे आधीच सांगावे. "काय जेवलात?" याऐवजी "भाकरी देऊ की भात?" असे विचारावे. वारलेल्या पत्नीची कोणी वाट पाहत असेल, तर "ती गेली" हे रोज नव्याने सांगून रोज नवे दुःख देऊ नये. "आईच्या हातचं काय आवडायचं?" असे विचारून बघावे.

भाषेचेही तसेच आहे. आपल्या सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू शेजारी शेजारी नांदतात. पुष्कळदा हा आजार नंतर शिकलेली भाषा आधी पुसतो आणि बालपणीची मागे ठेवतो. मराठीत गप्प असलेली शेजारची पद्मशाली आजी तेलुगूत बोलू लागेल, तेव्हा तिच्या जुन्या मैत्रिणीला घेऊन यावे.

सकाळचे जेवण न आठवणारी म्हातारी माणसे १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या गोष्टी सांगतात, याचे विद्यार्थ्यांना नवल वाटते. नवी आठवण साठवण्याची जागा आधी बिघडते, जुनी पुष्कळ काळ टिकते. हाताची आठवण तर त्याहून चिवट. हजारो विड्या वळलेल्या बाईच्या मांडीवर सूप आणि कातरलेले पान द्या (तंबाखू नको), बोटे आपोआप चालू लागतात. तुटलेला धागा हाती दिला की जुना विणकर गाठ मारतो. अशा वस्तू घरात जपून ठेवाव्यात.

इंग्लंडमध्ये एमी स्पेक्टर आणि सहकाऱ्यांनी याच धर्तीवर गट चालवले. आठवड्यातून दोनदा, पाऊण तास, अशी चौदा सत्रे. विषय साधे: जेवण, गाणी, बालपण. प्रश्न असा की ज्याचे उत्तर चुकूच शकत नाही, म्हणजे "हे काय?" न विचारता "तुम्हांला कुठली चादर बरी वाटते?" २००३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले तेव्हा आकलनशक्तीत आणि जीवनमानात थोडी पण खरी सुधारणा दिसली. आजार मात्र बरा होत नाही. तसे कोणी सांगून पैसे मागितले तर देऊ नयेत.

हे सर्व करण्याआधी दवाखाना. बी-बारा जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, मनाची उदासी यांनीही विसर पडतो आणि त्यावर इलाज आहे. एकाएकी दोन दिवसांत भ्रम झाला तर तो जंतुसंसर्गही असू शकतो, तेव्हा थांबू नये. आणि कान तपासावेत. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने टाळता येण्याजोग्या चौदा जोखमींत बहिरेपणा धरला आहे. सिव्हिल हॉस्पिटलात कान-नाक-घसा विभाग आहे, आणि २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरजू ज्येष्ठांना श्रवणयंत्रेही दिली जातात. आज जे तरुण मागावर आहेत, त्यांनी कानात बोळे घालावेत. मुकादम हसला तरी घालावेत.

त्या काकांकडे आता दर रविवारी दोघे विद्यार्थी जातात. मागच्या खेपेस काकांनी त्यांना तीन खुणा शिकवल्या. तिसरीचा अर्थ अजून कोणाला लागलेला नाही. येथे बसलेल्या जुन्या कामगारांपैकी कोणाला ठाऊक असेल, तर सभा संपल्यावर आम्हांस भेटावे.