अडल्या गाडीला हात
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांचा गौरव होतो, वधूवरांचा परिचय होतो आणि ज्ञातीच्या निधीचा हिशेबही मांडला जातो. आज मी यांपैकी कशावरही बोलणार नाही. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत ज्यांची घरे आहेत, त्यांच्या दारावरून अवघ्या देशाची वाहतूक जाते. त्या वाटेवर जो अडतो त्याच्याशी आपले नाते काय, याचा थोडा विचार आपण मिळून करावा, एवढाच माझा हेतू आहे.

आपला बोरघाट हा चढणाऱ्याची परीक्षा पाहणारा घाट आहे. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, 1830 साली, चाकाच्या गाड्यांसाठी हा मार्ग खुला झाला. त्यापूर्वी येथून बैल आणि हमाल पाठीवर ओझी वाहून नेत. पुढे रेल्वेचे काम निघाले. 1861 साली या चढणीवर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीसारख्या रोगांनी आणि कड्यांवरील अपघातांनी त्यांतील कितीतरी येथेच संपले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 साली वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी अॅलिस यांनी ते काम पुरे करण्याची जबाबदारी पत्करली. 1863 साली गाडी घाट चढली.

याच घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट साहेबाला दाखविणारा हा धनगर होता, आणि बक्षिसाऐवजी त्याला मृत्यू मिळाला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेची शहानिशा इतिहासकारांनी करावी. परंतु तिचा भाव मात्र आपण ओळखला पाहिजे. देवळापाशी गाडीचा वेग कमी करून नाणे वाहणारा चालक कोणत्याही प्रांताचा आणि कोणत्याही धर्माचा असतो. वाट दाखविणाऱ्याचे ऋण त्याला मान्य आहे. ते ऋण फेडण्याची जागा मात्र देवळापुरती नाही, ती पुढच्या वळणावर बंद पडलेल्या गाडीपाशीही आहे.

सज्जनहो, कर्जत स्थानकात लोणावळ्याकडे जाणारी गाडी थांबली की प्रवासी वडा खाण्यासाठी उतरतात, आणि मागे एक मूक घटना घडत असते. गाडीच्या शेपटीला जादा इंजिने जोडली जातात. त्यांना रेल्वेचे लोक 'बँकर' म्हणतात. घाटात काही ठिकाणी 37 फूट पुढे जाताना 1 फूट वर चढावे लागते, आणि एवढी चढण पुढच्या इंजिनाला एकट्याने पेलत नाही. मागची इंजिने ढकलतात आणि घाट ओलांडल्यावर अलग होतात. पुढे गाडी कोठे गेली, तिच्यात कोण बसले होते, हे त्यांना ठाऊक नसते. परोपकाराचा याहून चांगला नमुना मला तरी माहीत नाही.

आता रस्त्यावरच्या गाड्यांकडे वळू. चिखल हा पावसाळ्याचा पाहुणा, असा आपला समज असतो. हिवाळ्यात मात्र अनोळखी माणूस अधिक फसतो. भिवपुरीच्या वीजगृहातून येणारे पाणी राजनाल्याने शेतांत खेळते आणि दुसऱ्या भातासाठी खाचरे भिजतात. वरून कोरडी दिसणारी कडेची माती आत लोण्यासारखी मऊ असते. सुट्टीच्या दिवशी शहरातून आलेली मोटार समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी कडेला सरकते आणि दोन चाके आत जातात. चालक घाबरून जोर वाढवितो, चाक जागच्या जागी गरगरते आणि आणखी खोल रुतते. नेरळहून माथेरानच्या चढणीवरही हीच तऱ्हा. हजारो मोटारींच्या रांगेत उभे राहून चढताना क्लच तापतो, करपल्याचा वास येतो, आणि मोटार मागे घसरू लागली की आतील मंडळींचा धीर सुटतो.

अशा वेळी बळापेक्षा रीत महत्त्वाची ठरते, म्हणून ती थोडक्यात सांगतो. प्रथम आतील माणसांना उतरवून रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी बसवावे. चाकाखाली दगड लावावा आणि मागून येणाऱ्यांना इशारा मिळेल असे काही पुरेशा अंतरावर ठेवावे. रात्री दिवा हवाच. चिखलात रुतलेल्या चाकापुढची माती हाताने किंवा फावड्याने काढावी आणि तेथे पेंढा, गोणपाट किंवा फळी सारावी. मग चालकाने अगदी हलक्या पायाने, मागे-पुढे झोके देत गाडी बाहेर काढावी. दोर बांधायचा तो गाडीच्या आकड्याला, बंपरला नव्हे. ओढताना झटका देऊ नये आणि दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये, कारण तुटलेला दोर चाबकासारखा येतो. ढकलणाऱ्यांनीही बाजूला उभे राहावे, म्हणजे गाडी मागे आली तरी कोणी तिच्याखाली सापडणार नाही. तापलेल्या रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये, नाहीतर उकळत्या पाण्याची धार तोंडावर येते. आणि गाडी निघून गेल्यावर तो दगड उचलून कडेला टाकण्यास विसरू नये. अंधारात तोच दगड पुढच्या दुचाकीस्वाराचा काळ होतो. मदत करणाऱ्याचे काम दगड उचलल्यावर संपते.

काही प्रसंगी मात्र दूर राहणे हीच मदत असते. टँकर उलटला असेल तर जवळ जाऊ नये, काडी ओढू नये आणि सांडलेले द्रव्य गोळा करण्याच्या मोहात तर मुळीच पडू नये. द्रुतगती मार्गावर पायी उतरून धावाधाव करणे हे साहस नसून अविचार आहे. तेथे 112 या क्रमांकावर पोलिसांना आणि 108 वर रुग्णवाहिकेला वर्दी द्यावी आणि ठिकाणाचा किलोमीटर-दगड अचूक सांगावा.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले हल्ली हिवाळ्यात हिमालयाकडे जातात, म्हणून तिकडच्या दोन गोष्टी ऐका. डिसेंबर 2024 मध्ये अटल बोगदा आणि सोलंग यांच्या दरम्यान बर्फवृष्टीत सुमारे हजार वाहने अडकली. पोलिसांनी रात्रभर खपून ती बाहेर काढली. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातील मरी येथे मात्र बर्फात अडकलेल्या मोटारींमध्ये वीसहून अधिक माणसे मरण पावली. थंडीबरोबर विषारी वायूनेही त्यांतील काहींचा घात केला, असे तेव्हा सांगण्यात आले. धूर सोडणारी नळी बर्फाने बुजली आणि आत इंजिन चालूच ठेवले, तर तो वायू गाडीत भरतो. त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. अशा वेळी नळीभोवतालचे बर्फ काढावे, काच किंचित उघडी ठेवावी आणि इंजिन अधूनमधूनच चालवावे. दूरच्या देशातील हे दुःख आपल्या मुलांना शहाणपण देऊन जावो.

आता मनाला टोचणारी गोष्ट बोलतो. 15 एप्रिल 2023 च्या पहाटे गोरेगावच्या वादक तरुणांची बस आपल्या घाटात, शिंग्रोबाच्या देवळाजवळ, दरीत कोसळली. 13 जणांनी प्राण गमावले. काळोखात दोर लावून जखमींना वर आणण्यासाठी पोलिसांबरोबर आपल्या भागातील गिर्यारोहक आणि स्वयंसेवक दरीत उतरले. त्याच वर्षी 19 जुलैच्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले आणि 57 माणसे मातीखालीच राहिली. तेथे यंत्र पोहोचत नव्हते. चिखलाची चढण चढून गेलेल्या माणसांच्या हातांनीच जे झाले ते झाले.

या दोन्ही रात्री कोणी कोणाची ज्ञात विचारली काय? खाली पडलेला कोणत्या पोटजातीचा, हे पाहून कोणी दोर सोडला काय?

बंधूंनो, ज्ञातिसंस्था म्हणून आपण आपल्या माणसांचे पाहतो, आणि ते योग्यच आहे. ज्याने घरच्यांना सांभाळले नाही तो जगाचे काय सांभाळणार? पण घरच्यांना सांभाळता सांभाळता दार लावून घेण्याची सवय जडते. रात्री दोन वाजता बाहेर कोणी हाक मारली, तर पूर्वी आपण कंदील घेऊन निघत होतो. आज खिडकीचा पडदा सरकवून पाहतो आणि पुन्हा अंथरुणावर पडतो. भीती खोटी नाही. पोलीस ठाण्याच्या खेपा, साक्षी, नसता आळ यांची धास्ती अनेकांना असते. म्हणून हेही सांगतो की मोटार वाहन कायद्यात 2019 साली 134अ हे कलम घालण्यात आले आहे. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, मदत करताना चूक झाली तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. कायद्याने आपली सबब काढून घेतली आहे. आता राहिला तो केवळ आळस.

माझी विनंती लहान आहे. रस्त्यालगत राहणाऱ्या प्रत्येक सभासद कुटुंबाने घरी एक जाड दोर, दोन फळ्या, एक फावडे, एक विजेरी आणि पिण्याच्या पाण्याची कळशी एवढे साहित्य ठेवावे. मंडळाने निधीतून थोडी रक्कम काढून प्रत्येक गावातील चार तरुण-तरुणींना प्रथमोपचाराचे रीतसर शिक्षण द्यावे. रात्रीच्या हाकेला एकट्याने जाऊ नये, शेजाऱ्याला उठवावे, मग तो शेजारी कोणत्याही ज्ञातीचा असो. आणि मदतीबद्दल पैसा घेऊ नये. अडलेल्याकडून दाम घेणे ही आपल्या वाडवडिलांची चाल नव्हती.

पुढील वर्षीच्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापली जाईल, तशी किती घरांत हा दोर टांगला गेला याचीही नोंद व्हावी, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवतो. तिची मोजदाद करण्यास मी स्वतः गावोगाव फिरण्यास तयार आहे.