आधी समोरच्याची केस मांडा



इस्रायल-पॅलेस्टाईनवर आपल्या पोरांत जी वादावादी चालते तिला मी वाद म्हणत नाही. ती घोषणांची मारामारी आहे. एक म्हणतो, ज्यू जातच तसली. दुसरा म्हणतो, अरब सगळे अतिरेकी. इथले हिंदुत्ववाले इस्रायलचे गोडवे गातात म्हणून चिडून एखादा थेट हिटलरवर येतो. च्यायला, साठ लाख माणसं जन्मावरून मारणाऱ्याचं नाव आपल्या तोंडात? जन्मावरून माणूस मोजायचा नाही, ह्याच्यासाठीच तर आपण रस्त्यावर आलो ना?

मग वाद घालायचा कसा? बाबासाहेबांकडं बघा. पाकिस्तानच्या मागणीनं देश तापला असताना १९४० साली त्यांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' लिहिलं. पहिल्या भागात पाकिस्तान मागणाऱ्या मुसलमानांची केस, दुसऱ्यात विरोध करणाऱ्या हिंदूंची. दोन्ही पुऱ्या ताकदीनिशी, वकिलानं मांडावी तशी. स्वतःचं मत त्यानंतर. पण मत दिलं, हे ध्यानात ठेवा. 'दोघांचंही थोडं थोडं चुकलं' म्हणून हात झटकणारा पांढरपेशा शहाणा वेगळा आणि बाबासाहेब वेगळे.

ह्याच रीतीनं बघू. इस्रायलची केस अशी: १९३८ साली एव्हियाँला बत्तीस देश जमले आणि जर्मनीतून पळणाऱ्या ज्यूंना बहुतेकांनी दार उघडलं नाही. मग गॅस चेंबर. १९४१ साली बगदादमध्ये ज्यूंची कत्तल झाली, पुढं इराकमधला जवळजवळ सगळा ज्यू समाज उठून गेला. ज्याला कुठंच जागा नाही त्यानं स्वतःचं राज्य मागितलं, तर त्याला निव्वळ लुटारू म्हणून मोकळं होता येत नाही.

पॅलेस्टाईनची केस अशी: १९१७ साली बाल्फोर नावाच्या ब्रिटिश मंत्र्यानं एक पत्र लिहून ह्यांच्या भूमीत ज्यूंना राष्ट्रीय घर द्यायचं कबूल केलं. तिथं बहुसंख्य असलेल्या अरबांना कुणी विचारलं नाही. १९४८ साली सुमारे सात लाख माणसं घरादारातून उठली, काही हाकलली गेली, काही जिवाच्या भीतीनं पळाली, आणि बहुतेकांना परतू दिलं नाही. युरोपच्या पापाची भरपाई आम्ही का करायची, हा त्यांचा सवाल आहे. वेस्ट बँकेत १९६७ पासून लष्करी अंमल. टेकडीवरच्या ज्यू वसाहतीतल्या पोरानं दगड मारला तर त्याला नागरी कोर्ट, खालच्या गावातल्या पॅलेस्टिनी पोरानं मारला तर लष्करी कोर्ट. एकाच जागेवर जन्म बघून दोन कायदे. हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून माझं मत सांगतो. कब्जा संपला पाहिजे. आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं सुमारे बाराशे माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस धरून नेली, ती कत्तलच होती. त्यानंतर गाझात मेलेल्यांचा तिथल्या आरोग्य खात्याचा आकडा २०२५ सालात साठ हजारांच्या पुढं गेला. एका बाजूचं पोर मेलं की रडायचं आणि दुसऱ्या बाजूचं मेलं की इतिहास सांगायचा, हा धंदा बंद करा.

'पॅलेस्टिनी म्हणजे तिथले दलित' ह्या वाक्याला टाळ्या पडतात. पण जेरुसलेमची मुसरारा वस्ती बघा. १९४८ आधी तिथं अरब कुटुंबं होती. ती गेली, आणि त्या घरांत मोरोक्कोसारख्या देशांतून आलेले गरीब ज्यू कोंबले. युरोपियन ज्यूंचं सरकार त्यांना खालचं समजायचं. त्यांचीच पोरं १९७१ साली उठली आणि स्वतःला ब्लॅक पँथर म्हणवून घेतलं. आपल्या पँथरच्या एक वर्ष आधी! दबलेला माणूस दुसऱ्या दबलेल्याच्या घरात राहतोय. लावा आता तुमचं सोपं गणित.

आपल्या कोकणातले शनिवार तेली, बेने इस्रायल, घरात मराठी बोलणारे. तेही तिथं गेले. लग्न लावताना रब्बी त्यांच्या आई-आजीचं कूळ तपासायला लागले. त्यांनी आंदोलन केलं, तेव्हा १९६४ साली तिथल्या संसदेनं त्यांना बरोबरीचे ज्यू म्हटलं.

तर पुढच्या रविवारच्या बैठकीत असं करू. पॅलेस्टाईनवाल्यानं आधी पंधरा मिनिटं इस्रायलची केस मांडायची, इस्रायलवाल्यानं पॅलेस्टाईनची. समोरचा 'होय, माझं म्हणणं हेच' म्हणेपर्यंत उत्तर द्यायचं नाही. ज्याला जमणार नाही त्यानं त्या दिवशी चहाचं बघावं.